माशातला कृमी आणि समुद्राचा हिशेब

काही वर्षांपूर्वी कोकणात विज्ञान-शिक्षकांचे एक शिबिर होते. सागरी संरक्षित क्षेत्रे म्हणजे काय, तिथे मासेमारीवर बंधने का घालतात, यावर बोलून झाल्यावर किनाऱ्यावरच्या एका शाळेतील बाईंनी प्रश्न विचारला, "जिथे मासेमारी बंद असते तिथले मासे जास्त निरोगी असणार, नाही का? मग त्यांच्या पोटात कृमीही कमीच सापडत असतील?"

बहुतेकांनी माना डोलावल्या. प्रश्नातच उत्तर असल्यासारखे वाटत होते. परंतु ज्यांनी हे प्रत्यक्ष मोजले त्यांना बऱ्याच ठिकाणी उलटेच आढळले आहे. राखलेल्या समुद्रात कृमींच्या जाती जास्त असतात, आणि त्यांची संख्याही अनेकदा जास्त असते. असे का व्हावे? हे समजून घेण्यासाठी सुमारे पावणेदोनशे वर्षे मागे जावे लागते.

वान बेनेदेन यांचा तर्क

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात माशांच्या मांसात आणि आतड्याच्या बाहेरच्या बाजूला आढळणाऱ्या छोट्या पिशव्यांनी शास्त्रज्ञांना कोड्यात टाकले होते. पिशवी फोडली की आत एक कृमी सापडे. त्याच्या डोक्याशी आकड्यांनी भरलेल्या चार सोंडा असत, पण प्रजननाची इंद्रिये मात्र नसत. ज्याला पिल्लेच होऊ शकत नाहीत असा प्राणी येतो कुठून? असे कृमी माशाच्या शरीरातच आपोआप तयार होतात, असे मानणारे पुष्कळ होते.

बेल्जियममधील ल्यूवेन येथे प्राध्यापक असलेल्या प्येर-जोसेफ वान बेनेदेन यांनी १८४३ मध्ये ऑस्टेंडच्या किनाऱ्यावर स्वतःची एक लहानशी प्रयोगशाळा सुरू केली. मच्छीमारांनी आणलेले मासे कापून पाहणे हा त्यांचा रोजचा उद्योग. लहान माशांत जो बिनप्रजननाचा, चार सोंडांचा कृमी सापडे, तशाच डोक्याचा पण लांबलचक, अंड्यांनी भरलेला पट्टकृमी त्यांना शार्क आणि पाकट यांच्या आतड्यात दिसू लागला. १८५० मध्ये त्यांनी मांडले की हे दोन वेगळे प्राणी नाहीत. लहान माशातला कृमी हे मूल आहे आणि शार्कमधला कृमी हा प्रौढ. शार्कने तो मासा खाल्ला की मूल प्रौढ होते. त्याच सुमारास जर्मनीत क्युखेनमायस्टर यांनी सशातील अशाच पिशव्या कुत्र्यांना खाऊ घालून, त्यांच्यापासून पट्टकृमी तयार होतात हे प्रयोगाने दाखवले.

आज हे चक्र आपण असे सांगतो. शार्कच्या आतड्यातील पट्टकृमीची अंडी पाण्यात पडतात. त्यातून निघालेली सूक्ष्म अळी पाण्यात तरंगणारा एखादा बारीक कवचधारी जीव गिळतो. त्याला लहान मासा खातो, लहान माशाला मोठा मासा, आणि शेवटी शार्क. प्रत्येक पायरीवर कृमी वाट पाहत असतो, आपला पोशिंदा खाल्ला जाण्याची. म्हणजे फळ्यावर आपण जी अन्नसाखळी बाणांनी काढतो, त्या बाणांवरूनच हा कृमी प्रवास करतो.

आता या तर्काचा दुसरा अर्थ पाहा. साखळीतली एक कडी काढून टाकली तर? शार्कच उरले नाहीत तर लहान माशात वाट पाहणाऱ्या अळीचे काय होईल? प्रश्न साधा आहे, पण समुद्रात त्याची पद्धतशीर तपासणी व्हायला दीडशे वर्षे जावी लागली.

मोत्यांच्या शिंपल्यांपाशी

या प्रश्नाच्या अगदी जवळ जाऊन आलेले काही शास्त्रज्ञ आपल्या शेजारच्या समुद्रात होऊन गेले. मन्नारच्या आखातातील मोत्यांचे शिंपले घटत चालले, तेव्हा १९०२ मध्ये विल्यम हर्डमन यांना इंग्लंडहून सिलोनला बोलावण्यात आले. त्यांच्या सोबत जेम्स हॉर्नेल होते. पुढे ते मद्रास इलाख्याचे मत्स्यव्यवसाय संचालक झाले. १९०३ ते १९०६ या काळात त्यांचा अहवाल पाच भागांत लंडनच्या रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केला. शिंपल्यांच्या मांसात त्यांना पट्टकृमीच्या गोलसर अळ्या आढळल्या. मोती या अळीभोवतीच तयार होतो, आणि अळीचा प्रौढ कृमी शिंपले खाणाऱ्या पाकटासारख्या माशांत असतो, असे त्यांचे मत झाले. शिपली आणि हॉर्नेल यांनी १९०४ मध्ये या कृमीला जे नाव दिले त्याचा अर्थच 'मोती घडवणारा' असा होतो.

मोत्याचे कारण हा कृमीच, हे मत पुढे टिकले नाही. परंतु त्या विचारातली एक गोष्ट वर्गात सांगण्यासारखी आहे. हे मत खरे धरले, तर शिंपले खाणारा पाकट हा मोतीवाल्याचा केवळ शत्रू राहत नाही. पाकट मारून टाकले तर शिंपले वाचतील, पण मोती मिळणार नाहीत. भक्षक, भक्ष्य आणि परजीवी यांचा हिशेब एकत्रच मांडावा लागतो, हे त्यातून दिसते.

न मारलेला समुद्र कुठे आहे?

विसाव्या शतकात माशांच्या परजीवींचा अभ्यास खूप वाढला. तरी आपल्या प्रश्नाला हात घालणे अवघड होते. कारण तुलना करायची तर दोन समुद्र हवेत: एक मासेमारी असलेला आणि एक नसलेला. दुसरा आणायचा कुठून?

काही खुणा मात्र मिळत होत्या. उत्तर अमेरिकेच्या पंचमहासरोवरांत सरोवर-ट्राउट नावाचा मासा विसाव्या शतकाच्या मध्याला जवळजवळ संपला. बेसुमार मासेमारी आणि बाहेरून शिरलेला लॅम्प्रे ही त्याची दोन प्रमुख कारणे. या माशाच्या हवेच्या पिशवीत राहणारा एक गोलकृमीही त्याच्यामागोमाग कमी होत गेल्याचे १९८३ मध्ये नोंदवले गेले. मासा परत आणण्यासाठी पुढे मोठे प्रयत्न झाले. त्याच्या कृमीची आठवण फारशी कुणाला झाली नाही.

१९८७ मध्ये अँड्र्यू डॉब्सन आणि रॉबर्ट मे यांनी गणिताच्या आधारे यावर विचार केला. कोणताही संसर्ग टिकून राहायला पोशिंद्यांची एक किमान दाटी लागते. मासेमारीने मासे त्या मर्यादेखाली विरळ झाले, तर मासा शिल्लक असतानाही त्याचा परजीवी नाहीसा होऊ शकतो. याउलट, मासेमारीने एखाद्या जातीचे शत्रू नाहीसे केले, तर ती जात वाढेल आणि तिचे परजीवीही वाढतील. म्हणजे तर्काने दोन्ही दिशा शक्य होत्या. निकाल समुद्रातच लागणार होता.

मध्यंतरी समुद्राचे तुकडे राखून ठेवण्याची कल्पना रुजत होती. फ्रान्समध्ये सेर्बेर-बान्यूल्स येथे १९७४ मध्ये आणि न्यूझीलंडमध्ये ली या गावाजवळ १९७५ मध्ये सागरी राखीव क्षेत्रे झाली. त्यांचा हेतू अर्थातच कृमी वाचवण्याचा नव्हता. पण तुलनेसाठी हवा असलेला 'दुसरा समुद्र' अशा क्षेत्रांमुळे हाती येऊ लागला.

एकाच माळेतली बेटे

प्रशांत महासागराच्या मध्यावर, विषुववृत्ताच्या आसपास, 'लाइन' नावाच्या बेटांची माळ आहे. त्यातले किरितिमाती हे बेट कॅप्टन कुकला १७७७ च्या नाताळात लागले, म्हणून ते ख्रिसमस बेट. (स्थानिक भाषेत 'ति'चा उच्चार 'स'च्या जवळ जातो, त्यामुळे 'किरितिमाती' हे 'ख्रिसमस'चेच रूप आहे.) तिथे वस्ती आहे आणि मासेमारीही भरपूर आहे. त्याच माळेतले पामायरा हे अमेरिकेच्या ताब्यातले बेट. तिथे कायमची वस्ती नाही, आणि २००१ पासून तो राष्ट्रीय वन्यजीव आश्रय आहे. पामायराभोवती शार्क मुबलक आहेत; किरितिमातीला ते फारच कमी उरले.

केव्हिन लॅफर्टी, जेनी शॉ आणि आर्मंड क्युरिस यांनी दोन्ही ठिकाणच्या त्याच पाच जातींचे मासे तपासले. त्यात लहान प्रवाळमासे होते, तसाच आपल्या तांबोशीच्या कुळातला एक मोठा शिकारी मासाही होता. २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पाचही जातींत परजीवींचे प्रकार पामायराला जास्त होते. सर्वांत बोलका फरक होता तो शार्कच्या पट्टकृमीच्या अळ्यांचा. किरितिमातीच्या माशांत त्या कमी होत्या. वान बेनेदेन यांच्या तर्काचा दुसरा अर्थ इथे डोळ्यांसमोर आला. साखळीचे वरचे टोक तुटले तर खालच्या माशांतही ते दिसते.

विद्यार्थ्यांना इथे एक शंका सुचली पाहिजे. दोन बेटांत फक्त मासेमारीचाच फरक आहे कशावरून? शंका रास्त आहे. पामायराला पाऊस भरपूर पडतो, किरितिमाती कोरडे आहे. म्हणूनच चेल्सी वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे मासेमारी होणारी तीन आणि न होणारी तीन अशी सहा बेटे घेतली आणि सात जातींचे मासे तपासले. २०१४ चा हा निष्कर्ष अधिक बारकाव्याचा आहे. मासेमारीच्या बेटांवर परजीवींच्या एकूण जाती बऱ्याच कमी होत्या. संख्येच्या बाबतीत मात्र दोन गट पडले. एकाच्या पोटातून दुसऱ्याच्या पोटात, असा अन्नाच्या वाटेने प्रवास करणारे परजीवी मासेमारीच्या बेटांवर कमी होते. एका माशावरून दुसऱ्या माशावर थेट जाणारे परजीवी तिथे जास्त होते. ज्या माशांवर ते राहतात ते मासे, मोठे शिकारी गेल्यामुळे वाढले असावेत, असे त्याचे स्पष्टीकरण आहे. गणिताने दाखवलेल्या दोन्ही दिशा अशा रीतीने खऱ्या निघाल्या.

थेट पसरणाऱ्या रोगाचे एक उदाहरण कॅलिफोर्नियाजवळच्या चॅनेल बेटांचे आहे. तिथे समुद्री अर्चिन, म्हणजे काटेरी चेंडूसारखे प्राणी, केल्प या प्रचंड शैवालावर चरतात आणि शेवंड त्यांना खाऊन आटोक्यात ठेवतात. लॅफर्टी यांनी २००४ मध्ये वीस वर्षांच्या नोंदी तपासून दाखवले की जिथे शेवंड पकडले गेले तिथे अर्चिन बेसुमार वाढले, त्यांनी केल्पचा फडशा पाडला, आणि १९९२ नंतर आलेल्या एका जिवाणूजन्य रोगाची साथ दाट वस्तीच्या ठिकाणीच जास्त पसरली. शेवंड पकडल्याचा परिणाम अर्चिनच्या रोगापर्यंत पोचला!

उवांचे गणित

चिलीच्या मध्य किनाऱ्यावरील संरक्षित आणि मोकळ्या क्षेत्रांची तुलना वुड आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केली. दोन जातींचे मासे, एक शंखवर्गीय प्राणी आणि एक अर्चिन अशा चार पोशिंद्यांचे परजीवी त्यांनी मोजले. तिथे दिसलेला प्रकार वर्गातल्या उदाहरणाने सोपा होतो.

समजा, प्रत्येक मुलाच्या डोक्यात सरासरी तीन उवा आहेत. वर्गात २० मुले असतील तर उवा ६०. ६० मुले असतील तर १८०. मुलागणिक उवा तेवढ्याच, पण खोलीतल्या एकूण उवा तिप्पट. चिलीतही जवळजवळ असेच निघाले. समुद्रतळाच्या एका चौरस मीटरमागे मोजले तर बहुतेक सर्व परजीवी संरक्षित क्षेत्रात पुष्कळ जास्त होते. एकेका प्राण्यामागे मोजले तर मात्र फक्त एका जातीत, एका माशाच्या कल्ल्यांवरील चपट्या कृमीत, वाढ दिसली. बाईंच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे आहे. संरक्षित क्षेत्रात कृमी वाढतात याचा अर्थ तिथला प्रत्येक मासा जास्त आजारी असतो असा नाही. तिथे मासेच जास्त असतात, आणि प्रत्येक जण आपापले बिऱ्हाड घेऊन येतो.

बरण्या आणि डबे

संरक्षित क्षेत्रे फार तर काही दशकांची. त्याच्याही मागे कसे जायचे? यासाठी संग्रहालये उपयोगी पडली. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर प्यूजेट साउंड नावाची खाडी आहे. तिथले मासे वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संग्रहात बरण्यांमध्ये जपून ठेवलेले आहेत. वुड यांच्या गटाने १८८० ते २०१९ या काळातील आठ जातींचे ६९९ मासे काळजीपूर्वक उघडले आणि त्यातून १७,२५९ परजीवी मोजले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, ज्यांना तीन किंवा अधिक पोशिंदे लागतात असे परजीवी दर दशकाला सरासरी १०.९ टक्क्यांनी घटत गेले. घट सर्वांत जास्त जुळली ती मासेमारीशी नव्हे, समुद्राच्या तापमानाशी. पृष्ठभागाचे पाणी १ अंश सेल्सिअसने तापले की अशा परजीवींत ३८ टक्के घट. म्हणजे साखळीच्या कड्या एकट्या मासेमारीने तुटतात असे समजून चालणार नाही. लांब साखळीवर जगणारा कोणत्याही धक्क्याने आधी पडतो.

त्याच विद्यापीठातील दुसऱ्या अभ्यासात बरण्यांऐवजी डबे होते! सिअॅटलमधील एका व्यापारी संघटनेने दर्जा तपासण्यासाठी ठेवलेले, मुदत उलटून गेलेले अलास्काच्या सामन माशांचे १७८ डबे शास्त्रज्ञांनी उघडले. ते १९७९ ते २०२१ या काळातले होते. चारपैकी दोन जातींच्या सामनमध्ये अनिसाकिस कुळातील गोलकृमी वाढत गेल्याचे आणि दोन जातींत फरक नसल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. हा कृमी सील, देवमासा यांसारख्या सागरी सस्तन प्राण्यांत प्रौढ होतो. अमेरिकेत या प्राण्यांना १९७२ पासून कायद्याचे संरक्षण आहे. त्यांची संख्या सावरल्यामुळे कृमीही सावरले असावेत, हे एक संभाव्य कारण मानले जाते.

मग कृमी वाढावेत का?

इथे कुणी म्हणेल, शास्त्रज्ञांना आनंद झाला असेल, पण खाणाऱ्याचे काय? हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. १९६० मध्ये नेदरलँड्समध्ये कच्चा हेरिंग मासा खाणाऱ्यांच्या पोटदुखीचे कारण याच कुळातला कृमी असल्याचे आढळले, आणि तिथे हेरिंग आधी गोठवण्याची सक्ती करावी लागली. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर सीलकृमीमुळे कॉड माशाचे तुकडे उजेडावर धरून कृमी वेचावे लागतात, आणि त्याचा खर्च व्यावसायिकांवर पडतो. सील वाचवणाऱ्यांनी या मच्छीमारांचे म्हणणे ऐकायलाच हवे. आपल्याकडे मासा चांगला शिजवून खातात. त्यात असे कृमी मरतात.

पण दुसरी बाजूही आहे. परजीवी हा अन्नजाळ्याचा नुसता प्रवासी नव्हे, तो जाळे चालवतोही. लॅफर्टी आणि मॉरिस यांनी १९९६ मध्ये दाखवले की मेंदूवर एका पर्णकृमीच्या अळ्या असलेले किलीफिश नावाचे छोटे मासे पाण्याच्या पृष्ठभागाजवळ विचित्र हालचाली करतात, आणि पक्ष्यांनी ते पकडण्याची शक्यता १० ते ३० पटींनी वाढते. पक्ष्यांच्या तोंडी घास पोचवण्यात कृमीचा एवढा वाटा! कॅलिफोर्निया आणि बाहा कॅलिफोर्नियातील तीन खाड्यांत पर्णकृमींनी वर्षभरात पाण्यात सोडलेल्या अळ्यांचे वजन तिथल्या पक्ष्यांच्या वजनापेक्षा जास्त भरते, असे २००८ मध्ये मोजले गेले.

आपल्या पाठ्यपुस्तकांत परजीवीचे वर्णन बहुधा एका वाक्यात संपते: दुसऱ्याच्या जिवावर जगणारा, अपायकारक. वाक्य चूक नाही, अपुरे आहे. शार्कचा पट्टकृमी लहान माशात सापडतो, तेव्हा तो शार्क अजून आहे याची पावती असते. समुद्रात कोण कोणाला खातो याचा हिशेब माशाच्या पोटात असा लिहिलेला असतो. कृमी नाहीसे झाले म्हणून समुद्र निरोगी झाला असे समजणे म्हणजे हिशेबाची पाने फाटली म्हणून कर्ज फिटले असे समजण्यासारखे आहे.

महाराष्ट्रात सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. संरक्षण आणि मच्छीमारांची उपजीविका यांचा मेळ कसा घालायचा, हा तिथला कळीचा प्रश्न राहिला आहे. अशा क्षेत्राचे यश आपण माशांची संख्या, प्रवाळ, कासवे यांवरून मोजतो. त्या यादीत माशांचे परजीवीही यायला हवेत, एवढे या इतिहासावरून म्हणता येते.

सुरुवात वर्गातूनही होऊ शकते. बाजारातून आठ-दहा बांगडे आणा. कल्ल्यांवरची झाकणे उचलून भिंगातून पाहा. कधी कल्ल्यांच्या कप्प्यात अनेक पायांचा एक पांढुरका प्राणी चिकटलेला सापडतो. तो झिंग्या-खेकड्यांचा दूरचा नातलग आहे. पोट उघडून आतड्यावर आणि यकृतावर बारीक पांढऱ्या गुंडाळ्या दिसतात का पाहा. माशाची लांबी, तो कुठून आला आणि काय सापडले, हे तीन रकान्यांत लिहा. काहीच सापडले नाही तर तेही लिहा. मग मुलांना एवढेच विचारा: यातला कोणता परजीवी थेट आला असेल, आणि कोणता कुणाला तरी खाल्ल्यामुळे? त्या बाईंना मी हाच प्रयोग सुचवला. दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच बाजारातला मासा घेऊन एखाद्या शाळेने अशी वही दहा वर्षे ठेवली, तर आपल्या किनाऱ्याचा तो एक मोलाचा दस्तऐवज होईल.